पाशिंजर, यष्टी व इतर

सव्वातीनला यष्टी सुटायची आणि तीन वीसला पाशिंजर यायची. मधली पाच मिनिटं कोणाची, याचा निकाल लागेपर्यंत मी दोन वर्षं त्या टेसनावर भांडले.

टेसन आमचं लहानच. जालन्याहून परतूरकडं जाताना लागतं. जिल्हा नुकता वेगळा झाला होता आणि लाईन अजून छोटी, मीटरगेजची होती. मोठी लाईन पुष्कळ नंतर आली. फलाट जमिनीसपाट असल्यामुळं डब्यातून उतरायचं म्हणजे आधी गठुडं खाली टाकायचं आणि मग त्याच्यावर आपण. तिकिटाची एक खोली, एक लिंब, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, चहाचं एक खोपट आणि फाटकापलीकडं यष्टी थांबायची मोकळी जागा. आमचं गाव तिथून सात किलोमीटर आत. यष्टी डेपोतून निघायची, आमच्या गावावरनं टेसनाला यायची आणि तशीच उलटी फिरून आमच्या गावावरनं पुढं जांब समर्थाला जायची. डेपो कोणता ते सांगत नाही. तिथल्या दोन-तीन साहेबांच्या घरची लग्नाची खरेदी आता माझ्याच दुकानात होते.

तेव्हा दुकान नव्हतं, गठुडं होतं. आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीनं मी जुन्या जालन्यात जायची, ठोक दुकानातून लुगडी, पातळं, खण, परकराचं कापड निवडून गठुड्यात बांधायची आणि दुपारच्या पाशिंजरनं परत यायची. मग चार गावं डोक्यावर गठुडं घेऊन हिंडायचं. धंदा चालण्यासारखा होता. अडायचं ते टेसनावर. पाशिंजर सिग्नलपाशी आली की खिडकीतून यष्टीची लाल पाठ दिसायची, निघालेली. रोज. डब्यातल्या बायका मान वळवून बघायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "गेली बघा."

गावात याला शब्द होता, मेळ. "आज मेळ बसला का?" म्हणजे पाशिंजर लवकर आली का किंवा यष्टी पंक्चर होती का. मेळ बसला की माणूस दिवसाउजेडी घरी. नाही बसला की चाचांचा टांगा.

टांगेवाले चाचा त्या पाच मिनिटांवरच जगत होते. भाड्याचं आमचं रोज वाजायचं आणि रोज मीच जिंकायची, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एक दिवस त्यांनी माझ्या गठुड्याचं वेगळं भाडं मागितलं.

"चाचा, गठुड्याला तिकीट?"

"बाई, गठडी बी सवारीच है. जगा खाती, वजन देती. बस बोलती नै. तुमसे अच्छी सवारी है."

टांग्यातले लोक हसले. मी गठुडं ओढून काढलं, डोक्यावर घेतलं आणि चालू लागले. टांगा माझ्या शेजारनं हळूहळू चालवत चाचा म्हणत होते, "आव बाई, बैठो, मजाक किया." सात किलोमीटर मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मान दोन दिवस वळत नव्हती, त्यामुळं बघणं तसंही बंदच होतं. पण त्या चालण्यात माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. मेळ बसला तर आठवड्याला दोनाच्या चार फेऱ्या होतात, आणि चार फेऱ्या झाल्या तर वर्षा-दोन वर्षांत गठुड्याचं दुकान होतं. नाही बसला तर मी जन्मभर चाचांच्या टांग्यातली दुसऱ्या नंबरची सवारी.

आधी टेसन मास्तरांना गाठलं. मास्तर हैदराबादकडचे, पांढऱ्या कोटाची बटणं कधी न लावणारे.

"मास्तर, गाडी पाच मिनिटं आधी आणा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सूर्य पाच मिनिटं आधी उगवा म्हणतेय. "बाई, ये रेल्वे है. ऊपर से चलती. बस को बोलो ना, पाँच मिनट ठहरो बोलके."

डेपोत गेले. तिथल्या बाबूनं रजिस्टरमधून मान वर न काढता सांगितलं, "रेल्वेला सांगा, पाच मिनिटं आधी या म्हणून."

"सांगितलं. ते म्हनतात तुमाला सांगा."

"मंग त्यांना सांगा, आमी न्हाई म्हनलं."

असं चार वेळा झालं. शेवटी बाबूनं कारण दिलं, बस उशिरा सोडली तर जांबला उशिरा पोचेल आणि पुढचं सगळं वेळापत्रक बिघडेल. कारण मिळालं याचा मला आनंदच झाला. नुसत्या नकाराशी भांडता येत नाही. कारण दिलं की माणूस दुकानात शिरला असं समजायचं.

आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी तेव्हा गावातच खोली घेऊन राहायचे. सगळ्या गावात मनगटावर घड्याळ त्यांच्या एकट्याच्या. त्यांना मी यष्टीत शेजारी बसवून टेसन ते जांब आणि परत असं हिंडवलं. कुठं किती वेळ थांबते ते लिहून काढा म्हटलं. गुरुजींना असली कामं आवडायची. मांडीवर वही ठेवून त्यांनी सगळं टिपलं. आमच्या गावापुढच्या एका वाडीवर बस थांबली, ड्रायव्हर उतरला, एका घरात गेला आणि बराच वेळ आला नाही.

"बारा मिनिटं," गुरुजी म्हणाले. "इथं थांबाच नाही खरं तर."

झालं. माझी पाच मिनिटं तिथं पडलेली होती. ड्रायव्हर टाचेनं विडी विझवत आला तशी मी त्याला धरलं. रोजच्या फेरीचा हाच ड्रायव्हर, अंगानं मोठा, बोलायला कमी आणि सांगितल्या कामाला एकदम पक्का.

"दादा, चहा टेसनावर प्या. बस तिथं थांबू द्या."

"टेसनावरचं ते पाणी मी न्हाई पीत, ताई. हितं माझी बहीण राहती. चहा तिच्या हातचा."

"बहिणीला रोज तुमचं तोंड पाह्यल्याबिगर करमत न्हाई का?"

"तिला करमतं. मला न्हाई करमत."

पण सौदा झाला. टेसनावरच्या खोपटवाल्यानं ड्रायव्हरपुरता आलं घालून वेगळा चहा करायचा, आणि माझं गठुडं दर खेपेला पहिल्यांदा त्याच्या बहिणीच्या ओट्यावर सुटायचं, तिची निवड झाल्याशिवाय दुसऱ्या बाईनं हात लावायचा नाही. ड्रायव्हरनं आपल्या बाजूनं एक अट घातली. वाडीवर बस थांबणार नाही, पण तो हॉर्न देणार, बहीण दारात येणार, तो बघून पुढं जाणार. मी म्हटलं, बघण्याला माझी हरकत नाही.

आता अर्ज. शाळेच्या ओट्यावर गुरुजी लिहायला बसले, मी सांगायला. चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळं मला लिहिता येत होतं, पण अर्जातलं लिहिता येत नव्हतं. तिथं 'बस' ला 'सदर बस' म्हणावं लागतं. सगळं ठीक चाललं होतं. शेवटच्या ओळीवर आमचं अडलं.

"रेल्वेची वाट दहा मिनिटे पाहावी, असं लिहितो," गुरुजी म्हणाले.

"दहा कशाला? पाशिंजर कधी दहा मिनिटं लेट राहती का? अर्धा-अर्धा तास राहती. लिहा, रेल्वे आल्याबिगर बस सोडायची न्हाई."

"वहिनी, वेळेची मर्यादा पाहिजे."

"मर्यादा मोजायची कोनी? गावात घड्याळ तुमच्या एकट्याला. उद्या तुमी बदली होऊन गेल्यावर आमी काय सावली मोजावी? रेल्वे तर आंधळ्यालाबी ऐकू येती."

गुरुजींनी टाक खाली ठेवला, परत उचलला, आणि लिहिलं: 'रेल्वे आल्याशिवाय सदर बस सोडण्यात येऊ नये.' मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचायला लावलं. मागायचंच तर पुरतं मागावं, म्हणून मी मागितलं होतं.

खाली पहिली सही गुरुजींची, कारण अक्षर त्यांचं आणि टाक त्यांच्या हातात. दुसरी माझी. मग गावातल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या-अंगठे.

दीड महिन्यानं हुकूम आला. कोणी कधी कल्पना केली नव्हती, पण मंजूर होऊन आला, गोल शिक्क्यासकट. एक प्रत ड्रायव्हरकडं, एक टेसनाच्या भिंतीला. मी जालन्याहून उतरले तर यष्टी उभी! ड्रायव्हर आल्याचा चहा पिऊन राह्यलेला. डब्यातल्या बायका फलाटावर उतरल्या आणि पळायचीच सवय असल्यामुळं उभ्या बसकडंही पळत गेल्या. मी मात्र चालत गेले, भिंतीवरचा कागद वाचायला.

त्यात लिहिलं होतं: 'श्री. अमुक गुरुजी व इतर यांच्या अर्जावरून...'

गुरुजींचं नाव होतं. पुढं 'व इतर.' त्या इतरात पहिली मी. म्हणजे चार वेळा डेपोत गेलेली, ड्रायव्हरच्या बहिणीपर्यंत पोचलेली, मान दोन दिवस आखडलेली, ती मी 'व' च्या पुढं. त्याच आठवड्यात गावात त्या फेरीचं नाव पडलं, गुरुजींची बस. "गुरुजींची बस आली का?" "गुरुजींच्या बसनं जा, जल्दी पोचशीन." मी एक-दोघांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "हौ, तुमीबी सही केल्ती न्हाई का." आणि एखाद्या दिवशी पाशिंजर अर्धा तास लेट झाली, बस ताटकळली, की लगेच "त्या गठुडंवालीनं करून ठेवलं हे!" वेळेवर आली की गुरुजींची, उशिरा आली की माझी.

गुरुजींनी स्वतः कधी 'माझी बस' म्हटलं नाही, हे कबूल. पण कोणी म्हटलं तर ते नुसते हसायचे. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

तरी धंदा वाढला. चार फेऱ्या सुरू झाल्या. अंबडला बाजाराच्या गल्लीत एक दुकानाची खोली मी लांबून बघूनही ठेवली. आणि मग ती रामनवमी आली.

नवमीच्या आदल्या दिवशी जांबला जायला सगळं गाव निघतं. जागा मिळावी म्हणून आमच्याकडचे लोक यष्टी टेसनाला जात असतानाच गावात चढून बसतात. म्हणजे सात किलोमीटर उलटं जायचं, तिथं बसून राहायचं आणि परत आपल्याच गावावरनं पुढं जायचं. मीही तशीच चढले, जत्रेत मांडायला दोन गठुडी घेऊन. गुरुजी खिडकीशी होते, धोतर-टोपीत. तीनला यष्टी टेसनावर पोचली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि चैत्राचं ऊन पत्र्यावर.

तीन वीस झाले. साडेतीन. पावणेचार. रुळाचा तुकडा काही वाजेना.

"आवो, घंटी न्हाई झाली?" मागून कोणीतरी.

"व्हईल की."

चारला मी उतरून मास्तरांकडं गेले. मास्तर फोन खाली ठेवत होते. "जालने के इधर इंजन खराब हुआ, बाई."

"मंग कधी येती?"

"आती तो आती."

परत आले. ड्रायव्हर खोपटाच्या सावलीत मांडी घालून बसला होता.

"दादा, काढा गाडी. इंजन बिघडलं."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि बोट ठेवून वाचला. "रेल्वे आल्याशिवाय सदर बस सोडण्यात येऊ नये."

"ते मला म्हाईत हाय. मीच लिहायला लावलं."

"मंग ताई, तुमालाच म्हाईत असून असं कसं म्हनून राह्यल्या?"

यष्टीतून आवाज सुरू झाले होते. लेकरं रडत होती. एक म्हातारी खिडकीतून डोकं काढून मला म्हणाली, "ये माय, तू गाडी थांबीवली म्हनं? आता माझा राम उद्या जन्मायचा, का तुझी रेल्वे आल्यावर जन्मायचा?" सगळी बस हसली. एकानं ओरडून सांगितलं, "मावशे, रामाला अर्ज करावा लागंल, गुरुजीकडून लिहून घे!" गुरुजी त्या दिवशी हसले नाहीत. मला वाटतं, उशिरामुळं आज बस गठुडंवालीची झाली याचं त्यांना समाधान असावं, पण ऊन त्यांनाही लागतच होतं.

चाचा टांगा लिंबाखाली लावून घोड्याला वारा घालत होते. त्यांनी मला नुसतं विचारलं, "बाई, गठडी दो है आज?"

माझं डोकं फिरलं. मी परत ड्रायव्हरकडं गेले. त्याच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. एकदा. दोनदा. इतकी वर्षं मी कापडावरचा डाग शोधत आलेय. चांगल्या लुगड्यातही एखादा धागा चुकलेला असतोच, तो दुकानदाराआधी आपल्याला दिसला पाहिजे. आणि दिसला. कागदावर 'रेल्वे' लिहिलं होतं. 'पाशिंजर' नव्हतं.

तेवढ्यात जालन्याच्या उलट बाजूनं, परतूरकडनं, रुळावरनं काहीतरी येताना दिसलं. लाईन मोकळी म्हणून रेल्वेचे कोणी साहेब ट्रॉलीवर बसून रूळ तपासत निघाले होते. चार चाकांची फळी, वर खुर्ची, खुर्चीवर छत्रीखाली साहेब, लाल झेंडा, आणि मागं दोन गडी एकेका रुळावरनं अनवाणी पळत ढकलणारे. ट्रॉली खडखडत टेसनात आली आणि थांबली.

"आली!" मी ओरडले.

"काय आली?"

"रेल्वे आली. चला."

ड्रायव्हर उठला, ट्रॉलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ही?"

"रुळावरनं आली का?"

"आली."

"झेंडा हाय का?"

"हाय."

"वर साहेब बसलाय, तो रेल्वेचा हाय का यष्टीचा?"

मी गुरुजींच्या खिडकीखाली गेले. "गुरुजी, तुमीच सांगा. लिहिलं तुमी. रेल्वे आली का न्हाई?"

गुरुजींनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "शब्दाच्या अंगानं बघितलं तर... नाही म्हणता येणार नाही."

तरी ड्रायव्हरचं समाधान होईना. तो तडक मास्तरांच्या दारात गेला. "मास्तर, रेल्वे आली का?"

मास्तर त्या साहेबासाठी कोटाची बटणं लावण्यात गुंतले होते. आयुष्यात पहिल्यांदाच लावत असावेत. "हौ, हौ, आई," म्हणाले आणि पळाले.

यष्टी निघाली. मी आत चढले तशी म्हातारीनं माझ्या तोंडावरनं हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. वाडीवर हॉर्न झाला, बहीण दारात आली. जांबला आम्ही दिवस मावळायच्या आत पोचलो आणि माझी दोन्ही गठुडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी झाली. दोन दिवस मी गावात ताठ मानेनं हिंडले.

तिसऱ्या दिवशी कळलं की आमच्यामागं तासाभरानं खरी पाशिंजर आली होती. डबाभर यात्रेकरू उतरले, पळत फाटकाकडं गेले, आणि तिथं चाचा एकटे. टांग्यात बसून बसून किती माणसं बसणार? बाकीच्यांनी तिथंच, लिंबाखाली, चिडून तक्रार लिहिली. हुकूम भिंतीला लावलेला होताच, त्याचा नंबर घालून.

ड्रायव्हरला मेमो मिळाला. आणि गावात पत्र आलं: 'श्री. अमुक गुरुजी व इतर यांनी डेपोत हजर राहावे. सदर फेरीची वेळ पूर्ववत का करण्यात येऊ नये?'

पूर्ववत म्हणजे सव्वातीन. म्हणजे परत लाल पाठ, परत दोन फेऱ्या, आणि अंबडच्या गल्लीतली ती खोली दुसऱ्या कोणाची तरी.

गुरुजींचा चेहरा उतरला होता. "माझी बदली करतील हो," बसमध्ये ते मला म्हणाले. "सरकारी माणूस मी."

"कशाला करतील? तुमी काय केलं?"

"शब्दाच्या अंगानं म्हटलं ना."

खरं सांगते, माझ्या मनात येऊन गेलं. बस यांची ना? गावानं यांची म्हटली ना? मग यांनीच निस्तरावं. मी 'व इतर' आहे, मागं उभी राहीन. असा विचार करत मी डेपोच्या पायऱ्या चढले, आणि तो विचार मला चांगलाच आवडला होता.

आत मोठे साहेब होते. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा. साहेबांनी गुरुजींना खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बाकावर बसा."

मी उभीच राहिले. साहेब गुरुजींवर सुटले. "ट्रॉली म्हणजे रेल्वे? शिकलेले लोक तुम्ही! हे कोणाच्या डोक्यातून निघालं? तुमच्याच ना?"

साहेब पुढं म्हणाले, "चूक असली तरी मानलं पाहिजे. असं डोकं चालवायला अक्कल लागते."

तिथं माझा तोल गेला. शिव्या त्यांच्या वाट्याला गेल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. अक्कलही त्यांचीच?

"डोकं माझं!" मी म्हणाले. "ट्राली मी आनली."

"तुम्ही आणली?"

"म्हंजे ट्राली तिची ती आली. रेल्वे म्हनून मी आनली. आन् हा अर्जबी माझा. 'रेल्वे आल्याबिगर' मी लिहायला लावलं. गुरुजी दहा मिनिटंच लिहीत होते, मीच लिहू दिलं न्हाई. अक्षर त्यांचं, बाकी सगळं माझं."

साहेबांनी चष्मा काढला. गुरुजींनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. ड्रायव्हर भिंतीकडं बघत म्हणाला, "खरं बोलून राह्यल्या त्या."

"मग बरं झालं," साहेब म्हणाले. "तुम्हालाच सांगतो. उद्यापासून सव्वातीन. विषय संपला."

आता कुठं बोलणी सुरू झाली होती. मी खुर्ची ओढून बसले.

"साहेब, नवमीला एक दिवस डबाभर लोकं चिडली, तर तुमाला गुरुजींना बोलवावं लागलं. सव्वातीन केलं तर रोज डबाभर चिडतील. मंग वरचे लोकं कोनाला बोलावतील?"

साहेब चष्मा पुसू लागले. म्हणजे हिशेब करत होते.

"आधी माझं चुकलं," मी म्हणाले. "नको तितकं मागितलं. आता कमी करून मागते. अर्धा तास थांबा, घड्याळानं. टेसनाच्या घड्याळानं. अर्ध्या तासात रेल्वे आली तर आली, न्हाई तर बस मोकळी."

मिळालेलं कमी करून घ्यायला मी जन्मात कधी भांडले नव्हते.

"पाच मिनिटं," साहेब म्हणाले.

"पाच मिनिटांत म्हातारी मानसं फाटक ओलांडत न्हाईत."

"दहा."

"पंचवीस. आन् ड्रायव्हरचा मेमो मागं घ्या. त्यानं तीन जागी विचारलं, मंग गाडी काढली. असा मानूस तुमाला मिळायचा न्हाई."

"मेमो मागं घेतो. पण हमीपत्र पाहिजे, तुमच्या एकटीच्या सहीचं. यापुढं कार्यालयीन आदेशाचा अर्थ लावणार नाही, असं."

"देते. पंचवीस."

"पंधरा, बाई."

"वीस," मी म्हणाले, "आन् कागदावर 'पाशिंजर' लिहा. 'रेल्वे' लिहू नका."

साहेबांनी तडक पेन उचललं.

बाबूनं हमीपत्र टंकून आणलं. वर माझं पूर्ण नाव, श्रीमती लावून, एकटं. मी सही केली. बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "वहिनी, आता मी गावात सांगीन, बस तुमची म्हणून."

"सांगू नका," मी म्हणाले. "बस सरकारची हाय."

मेळ टिकला. चार फेऱ्या टिकल्या, त्या खोलीत दुकान झालं, पुढं जुन्या जालन्यात दुसरं झालं. पण त्या दिवशी डेपोच्या पायऱ्या उतरता उतरताच मला कळलं होतं, आणि ते अजून मला बोचतं. ज्याला वीस जड गेले असते तो माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, टेबलावर बोटं वाजवतो, बाबूकडं बघतो. या माणसानं वीस ऐकल्याबरोबर पेन उचललं. पंचवीस देणार होता. मी घाई केली.